सातबारा हेक्टरमध्ये, सौदा एकरात, घर फुटात: मग मोजायचं कशात?

अंबाजोगाईकडच्या एका शेतकरी भावानं विचारलंय: रस्त्याला लागून जमीन घ्यायची आहे. सातबाऱ्यावर क्षेत्र २ हेक्टर ०२ आर आहे. मालक म्हणतो पाच एकर, मध्यस्थ म्हणतो पाच एकर दोन गुंठे. त्याच जमिनीत घरही बांधायचं आहे. इंजिनीयरचा नकाशा मिलिमीटरमध्ये आहे आणि मिस्त्री फूट, इंच, सुतात बोलतो. अकरावीतला मुलगा म्हणतो, फूट-एकर सोडून द्या, सगळं मीटरमध्येच करा. वडील म्हणतात, मीटर सरकारी कागदापुरता, जमीन एकरातच कळते. दोघांत बरोबर कोण?

लातूर, बीड, धाराशिव या पट्ट्यात मी बरीच वर्षं मोजणी, लेआउट आणि घरबांधणीची कामं करतोय. माझं मत आधीच सांगतो. लिहायचं आणि पैसे मोजायचे ते मीटरमध्ये. बोलताना फूट-एकर वापरलेत तरी काही बिघडत नाही. पण एका मापातून दुसऱ्यात जाताना जी गोळाबेरीज होते, ती कुणाच्या खिशात जाते हे बघितल्याशिवाय सही करू नका. फूट वाईट नाही, मीटरही अवघड नाही. नुकसान होतं ते या दोघांच्या मधल्या जागेत, आणि ते बहुतेक वेळा घेणाऱ्याचंच होतं.

तुमचंच उदाहरण घ्या. मध्यस्थानं पाच एकर दोन गुंठे कुठून आणले? आपल्याकडं 'एक हेक्टर म्हणजे अडीच एकर' हे सगळ्यांना पाठ असतं. २.०२ ला अडीचनं गुणलं की ५.०५ एकर होतात, म्हणजे पाच एकर दोन गुंठे. हिशेब चोख दिसतो, पण हेक्टर म्हणजे अडीच एकर नाही. हेक्टर म्हणजे २.४७१ एकर, म्हणजे दोन एकर आणि पावणेएकोणीस गुंठ्यांपेक्षा किंचित जास्त. २ हेक्टर ०२ आर म्हणजे २०,२०० चौरस मीटर. एक गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा असतो. भागून बघा, १९९.६६ गुंठे येतील. म्हणजे चार एकर ३९.६६ गुंठे. पाच एकरसुद्धा पूर्ण भरत नाहीत. मध्यस्थाच्या आकड्यात आणि खऱ्या क्षेत्रात २.३४ गुंठ्यांचा फरक आहे, चौरस फुटात साधारण २,५४७. रस्त्याकडेच्या जमिनीत एवढ्या जागेत दोन घरं उभी राहतात.

मालकाचे पाच एकर मात्र खोटे नसावेत. जुन्या नोंदी एकर-गुंठ्यात होत्या. मराठवाड्यात निजामाच्या राज्यातून आलेल्या गावांची १९५४-५५ ची खासरा पत्रकं काढून बघा, क्षेत्र एकर-गुंठ्यातच सापडेल. पाच एकरांचे चोख २ हेक्टर ०२ आर ३४ चौरस मीटर होतात. नोंद फक्त आरपर्यंत ठेवली की शेवटचे ३४ चौरस मीटर गळतात, आणि मग सातबाऱ्यावर २.०२ दिसतं. म्हणून खासरा पत्रक, जुने फेरफार आणि आजचा सातबारा शेजारी ठेवून आकडे जुळवायचे. एका एकराला सातबाऱ्यावर ०.४० दिसलं की लोक म्हणतात, 'चाळीस गुंठे, चाळीस आर, एकच की.' ते एक नाही. गुंठा ३३ बाय ३३ फुटांचा, १,०८९ चौरस फूट. आर १० बाय १० मीटरचा, १,०७६ चौरस फूट आणि वर थोडं. एका गुंठ्यामागं बारा-तेरा चौरस फुटांचा फरक आहे. एकरामागं तो ५०४ चौरस फूट होतो.

शहराच्या कडेला प्लॉट घेणाऱ्यांनी हेच अजून बारकाईनं बघावं. जाहिरातीत 'तीस बाय चाळीस, बाराशे स्क्वेअर फूट' असतं. मंजूर लेआउटच्या नकाशावर त्याच प्लॉटवर ९.०० आणि १२.०० मीटर लिहिलेलं असतं. नऊ बारे एकशेआठ चौरस मीटर, म्हणजे १,१६२ चौरस फूट. बाराशेला ३७ चौरस फूट कमी. दीड हजार रुपये फुटाचा भाव धरला तर पंचावन्न हजारांच्या वर रक्कम जाते, आणि ती जागा जमिनीवर कुठंच नसते. दगड नऊ मीटरवरच रोवलेला असतो, तीस फुटांवर नाही. तेव्हा प्लॉट बघायला जाताना मीटरची टेप न्या, मंजूर नकाशाची प्रत मागा, आणि दर चौरस मीटरवर ठरवा. चौरस फुटावरच ठरवायचा असेल तर मंजूर चौरस मीटरला १०.७६४ नं गुणून येतील तेवढ्याच फुटांचे पैसे द्या.

आता वडिलांच्या म्हणण्याकडं येतो, कारण ते उडवून लावण्यासारखं नाही. 'आपल्या लोकांना नवं माप पचत नाही' असं शहरातले लोक म्हणतात. मराठवाड्याच्या बाबतीत तर ते साफ चूक आहे. आपल्या आजोबांच्या पिढीनं दहा-बारा वर्षांत काय काय बदललं ते आठवा. १९४८ च्या सप्टेंबरात राज्य बदललं. निजामाचा हाली रुपया जाऊन भारतीय रुपया आला, आणि तोही सरळ नाही, साधारण सात हालीला सहा या हिशेबानं. १९५६ च्या नोव्हेंबरात हैदराबादमधून मुंबई राज्यात गेलो. १ एप्रिल १९५७ ला आणे-पैसे जाऊन नवे पैसे आले. १ ऑक्टोबर १९५८ पासून शेर-मणाच्या जागी किलो यायला लागला. शाळेची पायरीही न चढलेल्या बायाबापड्यांनी बाजारात हे सगळं पचवलं. आज ज्वारी शेरात मागणारा शोधून सापडत नाही. मोंढ्यात सोयाबीनचा भाव क्विंटलवर निघतो आणि कुणाला त्यात अडचण वाटत नाही.

मग शेर गेला तसा एकर का गेला नाही? माझं निरीक्षण असं आहे. किलोशी माणसाची रोज गाठ पडते. दुकानदाराकडची शेराची वजनं सरकारनं काढून घेतली आणि छाप मारलेली किलोची वजनं दिली, त्यामुळं जुन्यात बोलून उपयोगच राहिला नाही. जमीन आणि घर यांचा व्यवहार आयुष्यात एकदा-दोनदा होतो. त्या वेळी माणूस वडिलांना विचारतो आणि वडील स्वतःच्या मापात सांगतात. शिवाय बांध जागचा हलत नाही. पाच एकराचं शेत पन्नास वर्षं पाच एकराचंच राहतं, त्याचं नावच 'पाच एकराचा तुकडा' पडलेलं असतं. सरकारनंही दोन्ही मापं वापरली. किल्लारीच्या ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर पुनर्वसनाची घरं वाटली, तेव्हा कुटुंबाची जमीन हेक्टरमध्ये बघून वर्ग ठरला आणि घर मिळालं २५०, ४५० किंवा ७५० चौरस फुटांचं. एकाच योजनेत जमिनीला एक माप आणि घराला दुसरं. तेव्हा फूट टिकला याचा दोष शेतकऱ्याच्या माथी मारू नये. कायदा तर स्पष्ट आहे. २००९ चा वैधमापन कायदा १ एप्रिल २०११ पासून लागू आहे आणि त्याप्रमाणे भाव मेट्रिक मापातच सांगायला हवा. रेरा या घरबांधणीच्या कायद्यानंतर फ्लॅटचं चटई क्षेत्र करारात चौरस मीटरमध्ये येतं. बोर्डावर मात्र अजून फूटच झळकतो.

मुलाला एक गोष्ट जरूर सांगा. फूट हे मीटरच्या विरुद्ध उभं असलेलं वेगळं माप आता उरलेलंच नाही. १९५९ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि इतर इंग्रजीभाषक देशांनी मिळून ठरवलं की एक इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर. तेव्हापासून इंचाची व्याख्याच मीटरवर टेकलेली आहे.

घराकडं येऊ. इथं मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती फुटाच्या मापाची नाही, फूट-इंच कॅल्क्युलेटरवर मारण्याची. मिस्त्री खोली मोजतो, १२ फूट १० इंच बाय १० फूट ११ इंच. वहीत लिहितो १२.१० आणि १०.११. दुकानात तोच कागद जातो. फरशीवाला कॅल्क्युलेटरवर १२.१० गुणिले १०.११ मारतो, उत्तर येतं १२२. खरी खोली आहे १४० चौरस फुटांची, कारण १२ फूट १० इंच म्हणजे १२.८३ फूट आणि १० फूट ११ इंच म्हणजे १०.९२ फूट. एका खोलीत अठरा चौरस फूट फरशी कमी पडली. आठवड्यानं परत आणायला जावं तर तीच छटा मिळत नाही, आणि कोपऱ्यात वेगळ्या रंगाची पट्टी येते. उलटही होतं. १० फूट ६ इंच म्हणजे साडेदहा, पण वहीत १०.६ लिहिलं जातं, आणि प्लास्टरचं बिल तेवढं वाढतं. फुटात बारा इंच असतात आणि कॅल्क्युलेटर दहाचा हिशेब करतो, एवढाच घोळ आहे. मीटरमध्ये तीच खोली ३.९१ बाय ३.३३ अशी लिहिली जाते आणि जशी लिहिली तशीच गुणता येते. मिस्त्रीची टेप उलटी करा, दुसऱ्या कडेला सेंटिमीटर छापलेले असतात. मिस्त्रीनं कामाला इंच वापरावेत, बिलाचं माप मात्र त्या दुसऱ्या कडेनं घ्यावं, एवढंच मी माझ्या साइटवर सांगतो, आणि सगळे मिस्त्री ते करतात.

फरशीचीच अजून एक गोष्ट. 'दोन बाय दोन'ची टाइल दोन फुटांची नसते, ६०० मिलिमीटरची असते. चार टाइल्सचा बॉक्स १.४४ चौरस मीटर झाकतो, म्हणजे साडेपंधरा चौरस फूट. दुकानात तो सोळा फुटांचा धरला जातो. हजार फुटांच्या घराला सोळाच्या हिशेबानं ६३ बॉक्स लागतात, खरे लागतात ६५, आणि तुटफूट वेगळी.

लोखंडी गजांच्या मापात चूक झाली तर ती पैशापुरती राहत नाही. जुने सेंट्रिंगवाले आणि फिटर अजून सुतात बोलतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. चार सूत म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. आज बाजारात चार सूत मागितलं की १२ मिलिमीटरचा गज मिळतो. जालन्याच्या रोलिंग मिलमधून निघणारा माल ८, १०, १२, १६ असा मिलिमीटरमध्येच असतो, त्यात दुकानदाराची काही चूक नाही. पण गजाची ताकद त्याच्या जाडीच्या वर्गावर, म्हणजे जाडी गुणिले जाडीवर ठरते. १२.७ च्या जागी १२ आला की लोखंडाचं क्षेत्रफळ जवळजवळ ११ टक्क्यांनी घटतं. दोन सुताच्या जागी ६ मिलिमीटर आला तरी तेवढंच घटतं. तीन सुताच्या जागी १० मिलिमीटर आला तर उलट दहा टक्क्यांनी वाढतं. म्हणून 'आमच्या वडिलांनी कॉलमला चार सुताचे सहा गज टाकले होते, तुम्हीही तेच टाका' हा सल्ला आज जसाच्या तसा घेता येत नाही. नकाशावर १२ मिलिमीटर आणि नगांची संख्या लिहिली असेल तर तेच मागा. गजांभोवतीच्या रिंगांचं अंतर १५० मिलिमीटर असेल तर मिस्त्रीनं सहा इंच धरलं तरी चालतं, त्यात दोन-अडीच मिलिमीटरचाच फरक आहे. त्याच दीडशेचं सात-आठ इंच होऊ देऊ नका. किल्लारीनं जे दाखवलं त्यानंतर या भागात रिंगांच्या बाबतीत 'चालतंय' म्हणणं मला मान्य नाही.

लोखंड वजनावर विकतं, तेही तपासता येतं. गजाची जाडी मिलिमीटरमध्ये घ्या, तिला तिनंच गुणा आणि १६२ नं भागा, एका मीटरचं वजन किलोत येतं. १२ मिलिमीटरचा १२ मीटरचा गज साधारण १०.६७ किलोचा भरायला हवा. थोडी सूट मानकात असते, पण दहाच्या खाली भरला तर माल परत करा.

वाळू-खडीचा ब्रास मात्र अजून शंभर घनफुटांचाच आहे, आणि गौण खनिजाचं स्वामित्वधनही ब्रासवरच लागतं. तिथं फुटातच मोजा, फक्त स्वतः मोजा. बारा फूट लांब आणि सात फूट रुंद हौद्यात माल तीन इंच खाली असेल तर २१ घनफूट कमी आले, ब्रासचा पाचवा हिस्सा.

काही ठिकाणी फुटाला मी हातही लावत नाही. बोअर फुटावरच होऊ द्या. गाडीवरचा रॉड साधारण २० फुटांचा असतो. खाली किती रॉड गेले ते मोजत उभं राहिलं की खोली कळते, यापेक्षा खात्रीचं माप नाही. फक्त भूजल कायद्यात 'खोल विहीर' ६० मीटरच्या पुढं सुरू होते, आणि २०० फूट म्हणजे ६०.९६ मीटर, हे ध्यानात असू द्या. ताप फॅरनहाइटमध्ये, माणसाची उंची फूट-इंचात, नऊवारी वारात, यानं कुणाचंही नुकसान होत नाही. खत-बियाण्यातही गोळाबेरीज चालते. परभणीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ७५ किलो सोयाबीनची असेल तर एकरी ३० किलो धरा. खरा आकडा ३०.३५ येतो आणि त्या साडेतीनशे ग्रॅमनं पीक बदलत नाही.

पाण्याच्या हिशेबात मात्र मी मुलाच्या बाजूनं आहे, पूर्णपणे. मराठवाड्यात पाण्याचा हिशेब प्रत्येकाला यायला हवा, आणि मेट्रिकमध्ये तो तोंडी होतो. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होतं. त्याला ना गुणाकार ना कोष्टक. तुमचं छत ९० चौरस मीटरचं असेल आणि एखाद्या रात्री ४० मिलिमीटर पाऊस झाला तर छतावर ३,६०० लिटर पडले. एका हेक्टरवर एक मिलिमीटर म्हणजे दहा हजार लिटर. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर झाला की अतिवृष्टी धरतात, म्हणजे हेक्टरी साडेसहा लाख लिटर. बांधबंदिस्ती करताना सांडवा केवढा ठेवायचा याचा अंदाज इथूनच सुरू होतो. हेच इंच, एकर आणि घनफुटात करून बघा, एकरावरच्या एका इंचाचे ३,६३० घनफूट, त्याला पुन्हा २८.३ नं गुणायचं. कागद-पेन्सिल लागतेच.

शेततळ्याचंही तसंच. ३० बाय ३० बाय ३ मीटरचं तळं म्हणजे २७ लाख लिटर, असं लोक सांगतात. बाजूचा उतार एकास एक ठेवला तर तळ २४ बाय २४ चा होतो आणि पाणी बसतं २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळजवळ २२ लाख लिटर. पाच लाख लिटरची ही तूट उताराची आहे, मापाची नाही. पण मीटरमध्ये हिशेब केला म्हणून ती चटकन दिसते आणि ठिबकचं नियोजन खोट्या आकड्यावर होत नाही.

पैठणच्या नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या बातम्या ऐकताना हा गोंधळ रोज भेटतो. पातळी फुटात, साठा कधी टीएमसीत तर कधी दशलक्ष घनमीटरमध्ये, विसर्ग क्युसेकमध्ये. जायकवाडीची पूर्ण पातळी १,५२२ फूट, म्हणजे ४६३.९ मीटर. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, २८.३ दशलक्ष घनमीटर. क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. साधारण ११,५७४ क्युसेक एक दिवसभर चालले की एक टीएमसी होतो. एवढे चार आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, मग वरून सोडलेलं पाणी धरणात किती भर घालेल हे तुम्हालाच काढता येईल.

तर वडील म्हणतात जमीन एकरात कळते, ते खरं आहे. उभं राहून नजर टाकल्यावर त्यांना पाच एकर दिसतात, मला हेक्टर दिसत नाही. मुलगा म्हणतो हिशेब मीटरमध्ये करा, तेही खरं आहे. नजरेचं माप वडिलांचं राहू द्या, लेखणीचं माप मुलाकडं द्या.

तुमच्या सौद्यात या क्रमानं चला. इसार देण्याआधी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करायला मालकाला सांगा. मोजणीच्या दिवशी लगतचे शेतकरी हजर असू द्या, आणि मोजणी नकाशाची 'क' प्रत मिळाली की तिच्यावरचं क्षेत्र सातबाऱ्याशी ताडून बघा. जागेवर क्षेत्र कमी भरलं तर पैसे जागेवरच्या क्षेत्राचे, जास्त भरलं तर सातबाऱ्यावरच्या क्षेत्राचे, कारण खरेदी सातबाऱ्यावरचीच होते. भाव गुंठ्यावर ठरला असेल तरी चालेल, पण गुंठे काढायचे ते चौरस मीटरला १०१.१७ नं भागूनच. इसार पावतीत क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर असं पूर्ण लिहा. दर प्रति गुंठा, गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर, आणि मोजणीत क्षेत्र कमी भरल्यास रक्कम याच दरानं कमी होईल, हे वाक्य घातल्याशिवाय इसार मोजू नका. मध्यस्थाला हे वाक्य नको असेल, तर ते पाच एकर दोन गुंठे त्याला जागेवर दगड रोवून दाखवायला सांगा.